तानसाच्या रानात जोडीचा कॅमेरा

तानसा हे नाव मुंबई-ठाण्याकडील वाचकांना बहुधा पावसाळ्यातील वर्तमानपत्रांमुळे परिचयाचे असते. ‘तानसा तलाव भरून वाहू लागला’ अशी बातमी छापून येते, घरोघरी हायसे वाटते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते नाव सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन तलाव वाढत्या मुंबईला पुरेनासे झाले, तेव्हा शहापूर तालुक्यातील तानसा नदीवर हे दगडी धरण बांधण्यात आले. १८९२ साली ते पूर्ण झाले. जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांबीची ती भिंत सव्वाशेहून अधिक वर्षे उभी आहे आणि तिच्यामागचे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईपर्यंत जात आहे. या पाण्याच्या निमित्ताने भोवतालचे रानही राखले गेले. १९७० साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. साग, ऐन, खैर, हेद, कळंब, मोह, पळस आणि बांबूची बेटे असे ते मिश्र पानगळीचे रान ३०० चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्रावर पसरलेले आहे.

डिसेंबरनंतर पाने गळू लागली की फांद्या मोकळ्या होतात, पक्षी नजरेस पडू लागतात आणि आसनगाव-आटगावच्या वाटेने कॅमेरेवाले येऊ लागतात. त्यांत पांढऱ्या केसांची माणसे पुष्कळ असतात. ज्यांनी तरुणपणी आग्फा क्लिक थ्रीच्या बारा फोटोंच्या रोलमध्ये बारसे, मुंज आणि माथेरानची सहल असे सगळे बसवले, त्यांनी निवृत्तीनंतर हौसेने डीएसएलआर कॅमेरा आणि लांब पल्ल्याची लेन्स घेतली. त्या कॅमेऱ्याने त्यांना पहाटे उठवले, चालवले, समवयस्कांची संगत दिली. डॉक्टरांनी दहा वेळा सांगून जे फिरणे घडले नव्हते, ते एखाद्या हळद्याने किंवा स्वर्गीय नर्तकाने घडवून आणले. म्हणून हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात आणताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

पण सत्तरी ओलांडली की एक दिवस तो कॅमेरा घरीच राहू लागतो. प्रथम खांदा दुखतो म्हणून, मग मान अवघडते म्हणून, मग ‘आज ढगाळ आहे’ म्हणून. कॅमेरा घरी राहिला की माणूसही घरी राहतो. घरातील मंडळींच्या हे फार उशिरा लक्षात येते, कारण वडीलधारी माणसे याविषयी तक्रार करीत नाहीत. ती फक्त कपाटाचे दार लावून घेतात.

या ओझ्याचा हिशेब एकदा मांडून पाहा. मध्यम प्रतीच्या डीएसएलआरचे वजन सुमारे ७०० ग्रॅम असते. पक्ष्यांसाठी सर्रास वापरली जाणारी १५० ते ६०० मिलिमीटरची लेन्स दोन किलोंच्या आसपास भरते. म्हणजे डोळ्याला लावायचे यंत्रच पावणेतीन किलोंचे झाले. त्यात दुसरी लेन्स, तिपाई, पाणी, डबा आणि औषधे घातली की पिशवी सहा-सात किलोंवर सहज जाते. शिवाय हे वजन पाठीवर असताना जितके जाणवते, त्याहून कितीतरी अधिक ते हात पुढे करून उचलताना जाणवते, कारण लांब लेन्सचा भार शरीरापासून दूर पडतो आणि सगळा ताण खांद्याच्या सांध्यावर येतो. ज्यांचा खांदा एकदा आखडून गेला आहे किंवा ज्यांच्या मानेच्या मणक्यांत झीज आहे, त्यांना हा ताण दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो. गळ्यातील पट्ट्याला लोंबकळणारे पावणेतीन किलो उतारावर पुढे झुकले, की तोल जाण्याची भीतीही असतेच.

अशा वेळी कुटुंबात सहसा दोन सल्ले निघतात. ‘विकून टाका ते धूड’ हा पहिला आणि ‘मोबाइलवर काढा की फोटो’ हा दुसरा. दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात, तरी दोन्ही घाईचे आहेत असे माझे मत आहे. दहा-बारा वर्षे ज्या यंत्राशी हात जुळला, ते विकणे म्हणजे त्या माणसाला ‘तुमचे झाले आता’ असे सांगण्यासारखे आहे. मोबाइलचे म्हणाल तर तो गुळगुळीत व पातळ असल्यामुळे अशक्त बोटांना नीट धरता येत नाही. वयोमानाने बोटांची त्वचा कोरडी झाली की पडद्यावरचा स्पर्श पुष्कळदा लागत नाही. आणि रानात, जिथे मुळातच संपर्काची खात्री नसते, तिथे फोनची बॅटरी फोटोंत संपवणे शहाणपणाचे नाही. फोन अडीअडचणीसाठी राखून ठेवावा.

या दोहोंच्या मधली एक वाट आहे. लग्नसमारंभाचे छायाचित्रकार ती पूर्वीपासून वापरत आले आहेत. ते कधीही एकाच कॅमेऱ्यावर विसंबून मांडवात उभे राहत नाहीत. अक्षता पडताना एक बंद पडला तर दुसरा हाताशी असावा म्हणून जोडीचा कॅमेरा बाळगतात. तुम्ही व्यावसायिक नसाल, पण तुमच्या पिशवीतही असा एक राखीव कॅमेरा असावा, आणि तो खिशात मावेल असा काँपॅक्ट डिजिटल कॅमेरा असावा, असे मी सुचवतो. अशा कॅमेऱ्याचे वजन साधारण २५० ते ३०० ग्रॅम असते, म्हणजे एका मोठ्या पेरूइतके.

‘इतक्याशा यंत्राला लांबचा पक्षी दिसणार तरी काय?’ अशी शंका तुमच्या मनात आली असेल. ती रास्त आहे, म्हणून थोडे आकड्यांत शिरू. कॅननचा पॉवरशॉट एसएक्स ७४० हा २०१८ साली आलेला कॅमेरा उदाहरणादाखल घ्या. वजन ३०० ग्रॅम आणि झूम ४० पट. मोठ्या कॅमेऱ्यांच्या मापात सांगायचे तर त्याचा पल्ला २४ पासून ९६० मिलिमीटरपर्यंत जातो. सर्वसाधारण डीएसएलआरवर ६०० मिलिमीटरची लेन्स लावली तर तिचा पल्ला त्याच मापात सुमारे ९०० मिलिमीटर भरतो. म्हणजे पल्ल्यापुरते हे चिमुकले यंत्र त्या धुडाच्या बरोबरीला येते. फरक पडतो तो प्रकाश टिपण्यात. डीएसएलआरमधील प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे ३६५ चौरस मिलिमीटर असते, तर अशा काँपॅक्टचे जेमतेम २८. तेरा पटींचा हा फरक पहाटेच्या अंधुक रानात लगेच उघडा पडतो. चित्र वाळूसारखे दाणेदार येते. मधल्या प्रतीचे काही काँपॅक्ट ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा, ११६ चौरस मिलिमीटरचा सेन्सर वापरतात. सोनीचा २०१२ साली निघालेला आरएक्स १०० हा त्यांतला गाजलेला. त्यांची चित्रे अधिक स्वच्छ येतात, पण बहुतेकांचा झूम आखूड असतो. दोन्ही गुण एकाच खिशात मावत नाहीत. एखादा दुकानदार तसे सांगू लागला तर त्याला चहा पाजून दुसऱ्या दुकानात जावे.

हे सगळे लक्षात ठेवून आता तानसाच्या वाटेला लागू या. ज्येष्ठांनी शक्यतो मुंबई-नाशिक महामार्गाने स्वतःचे किंवा ठरवलेले वाहन करून यावे. मुरबाडकडील मंडळींना सरळगाव-किन्हवलीवरून शहापूर गाठता येते. लोकलने येणाऱ्यांनी कसाऱ्याची गाडी धरून आसनगाव किंवा आटगावला उतरावे आणि पुढचे वाहन आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. पूल चढण्याची घाई करू नये. गर्दी ओसरू द्यावी. अभयारण्यात शिरण्यापूर्वी वन खात्याच्या नाक्यावर नोंद करावी आणि पायवाटेवर जायचे असेल तर स्थानिक वाटाड्या घ्यावा. वारली, ठाकूर, कोळी आणि कातकरी समाजाच्या वाड्यापाडे या रानात आणि रानाच्या कडेने आहेत. तिथल्या माणसाला कोणत्या झाडावर कोण बसते हे तुमच्या-आमच्या पुस्तकांपेक्षा चांगले ठाऊक असते, आणि पाय कुठे ठेवू नये हेही.

सकाळी आठच्या सुमारास, ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरू लागते तेव्हा मोठा कॅमेरा वापरावा. या वेळी रानाच्या आत प्रकाश कमी असतो, पक्षी चपळ असतात आणि काँपॅक्टचा इथे निभाव लागत नाही. कोतवाल, टकाचोर, सुतार, नाचण हे सगळे याच तासा-दोन तासांत हालचालीत असतात. मात्र लांब लेन्स एकदा चढवली की ती दिवसभर काढायची नाही, असा नियम करावा. तानसाच्या मातीवाटांवरून एखादी जीप गेली की तांबूस धुरळा बराच वेळ हवेत राहतो. अशा हवेत लेन्स बदलायची, तर एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात दोन किलोंची लेन्स, झाकणे दातांत, आणि ते सगळे थरथरत्या बोटांनी उभ्या उभ्या! सेन्सरवर धूळ बसते ती वेगळीच. रुंद दृश्य, फुललेला पळस, सोबत्यांचा फोटो, वाटाड्याच्या पाड्यावरची भाताची उडवी (त्याची संमती घेऊन) या सगळ्यासाठी खिशातला कॅमेरा काढावा. राखीव कॅमेऱ्याचा हा उपयोग रोजचा आहे; मोठा कॅमेरा बंद पडण्याची वाट पाहावी लागत नाही.

साडेनऊ-दहानंतर तलावाच्या काठाकडे आलात की ऊन लख्ख असते आणि पाण्यावरून उजेड परततो. इथे काँपॅक्टचे राज्य सुरू होते. बुडक्या मारणारा पाणकावळा, काठाशी ध्यान लावून बसलेला वंचक, वाळलेल्या फांदीवरचा कवड्या खंड्या हे सारे एका जागी टिकणारे विषय आहेत आणि प्रकाश भरपूर आहे. मोठा कॅमेरा या वेळी गाडीत बंद करून ठेवावा, म्हणजे खांद्याला सुटी मिळते. उडत्या नदीसुरयाच्या मागे मात्र या छोट्या यंत्राने लागू नये. बटण दाबल्यापासून चित्र उमटेपर्यंत पक्षी चौकटीबाहेर गेलेला असतो. धरणाच्या भिंतीचे आणि नळांच्या परिसराचे फोटो काढण्यापूर्वी तिथले फलक वाचावेत. हे शहराच्या पाण्याचे ठिकाण आहे, तिथे सुरक्षेचे निर्बंध असतात आणि पहारेकऱ्याशी हुज्जत घालून कोणाचा रक्तदाब उतरलेला मी पाहिलेला नाही.

माझ्या परिचयाचे एक जोडपे आहे. यजमान अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. गेली चार वर्षे त्यांचे हात कापतात. पेला धरतानाही कापतात, तर कॅमेऱ्याचे काय? त्यांनी रानात येणे थांबवले होते. पत्नीला फोटोंची आवड कधीच नव्हती. इतकी वर्षे ती पिशवी सांभाळणारी, पाणी देणारी, ‘गोळी घेतलीत का’ विचारणारी. मुलीने आणून दिलेला छोटा कॅमेरा यजमानांच्या हाती टिकेना, म्हणून तो वहिनींच्या गळ्यात गेला. आता ते दोघे तानसाला येतात तेव्हा सागाच्या बुंध्याशी घडीची खुर्ची टाकून ते बसतात आणि सांगतात, ‘समोरच्या ऐनाची दुसरी फांदी, डावीकडे, पान हलतेय तिथे.’ वहिनी झूम करतात. पहिल्या खेपेला त्यांनी आणलेल्या चाळीस फोटोंत अकरांमध्ये पक्षी होता, बाकीच्यांत नुसती पाने. यजमानांनी ती पानेही पुसू दिली नाहीत. त्यांची नजर आणि कान अजून तल्लख आहेत. पक्ष्याचे नाव ते सांगतात आणि वहिनी ते वहीत तारखेसह लिहितात. शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी हे जोडपे ध्यानात ठेवावे असे मला मनापासून वाटते. सोबत येणाऱ्याच्या हातातही काही काम असले, तर तिचा किंवा त्याचा दिवस नुसता ताटकळण्यात जात नाही, आणि ज्याची काळजी घ्यायची त्याला आपण ओझे झालो आहोत असे वाटत नाही.

तानसाच्या रानात एक पक्षी असा आहे, की त्याच्यासाठी कोणताही कॅमेरा जवळ असणे मोलाचे ठरते. तो म्हणजे रानपिंगळा. १८७३ साली या घुबडाचे शास्त्रीय वर्णन झाले आणि १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना कोणाला मिळाला नाही. पुढे १९१४ साली तो मिळवल्याचा दावा मायनर्ट्झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने केला होता. तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच असल्याचे नंतर उघडकीस आले, आणि त्या खोट्या नोंदीमुळे शोध घेणारे कित्येक वर्षे भलत्याच भागात हिंडत राहिले होते. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकी अभ्यासकांना तो आपल्या महाराष्ट्रात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ दिसला. ११३ वर्षांनी! त्यानंतर तो सातपुड्याच्या रांगांत ठिकठिकाणी आढळला, पण पश्चिम घाटाच्या या बाजूला तो असेल असे कोणाच्या मनात नव्हते. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात सापडला.

हा पक्षी इतर घुबडांप्रमाणे केवळ रात्रीचा नाही, तो दिवसाउजेडी वावरतो आणि शिकारही करतो. म्हणजे ज्येष्ठांना झेपणाऱ्या वेळातच तो दिसू शकतो. आपल्या गावाघराजवळच्या साध्या पिंगळ्याशी त्याची गल्लत होते, आणि इथेच राखीव कॅमेऱ्याचे खरे मोल कळते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात; रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ ठिपक्यांविना असते, छातीवर गडद तपकिरी रुंद पट्टा, खाली पांढरे पोट, पंखांवर आणि शेपटीवर ठळक आडव्या रेघा. एवढे तपशील ओळखायला प्रदर्शनात लावण्याजोगा फोटो लागत नाही. मोठा कॅमेरा गाडीत आहे, लेन्सचे झाकण लागलेले आहे, आणि समोरच्या फांदीवर तो बसला आहे, अशा वेळी खिशातून काढून टिपलेले जरासे दाणेदार चित्रही नोंद म्हणून पुरेसे ठरते. मात्र दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. फ्लॅश आधीच बंद करून ठेवावा. आणि फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील हा पक्षी आहे. घरटे दिसले तर ठिकाण मित्रमंडळींना न कळवता फक्त वन खात्याला कळवावे.

आता हात, डोळे आणि मान यांविषयी थोडे सविस्तर, कारण छोटा कॅमेरा घेतला की सगळे दुखणे गेले असे होत नाही. ४० पट झूमवर हाताची सूक्ष्म थरथरही चित्रात ढवळल्यासारखी उतरते. कॅमेऱ्यातील कंपरोधक सोय चालू ठेवावीच, पण त्याखेरीज गळ्यातील पट्टा योग्य लांबीचा करून कॅमेरा पुढे ओढून तो पट्टा ताणलेला ठेवावा आणि कोपरे बरगड्यांना टेकवावीत; हात आश्चर्य वाटावे इतका स्थिर होतो. झाडाला पाठ लावून उभे राहावे, खोड आधी पाहून मगच, कारण मुंग्यांनाही तेच झाड आवडलेले असते. बसून काढायचे असेल तर मूठभर तांदूळ भरलेली कापडी पिशवी गुडघ्यावर वा दगडावर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवावा. बटण दाबतानाच ज्यांचा हात हलतो त्यांनी दोन सेकंदांचा टायमर लावावा. एकपायी तिपाई, म्हणजे मोनोपॉड, पुष्कळ जण काठीसारखी टेकत चालतात. तसे करू नये. तिचे जोड कॅमेऱ्याचा भार पेलण्यापुरते असतात. शरीराचा भार पडला की ते सटकतात आणि माणूस पडतो. चालायची काठी निराळी घ्यावी.

डोळ्यांची अडचण वेगळी आहे. बहुतेक काँपॅक्टना डोळा लावून पाहायचे भिंग नसते, मागच्या पडद्यावरच पाहावे लागते. चाळिशीचा चष्मा असणाऱ्याला पडदा दिसण्यासाठी तो चष्मा लागतो, आणि पक्षी दिसण्यासाठी नको असतो. शिवाय दुपारच्या उन्हात पडदा काळा दिसतो. म्हणून विकत घेताना, भिंग असलेला व त्याच्या शेजारी नंबर जुळवण्याची चकती असलेला छोटा कॅमेरा मिळतो का, हे आधी पाहावे. थोडा महाग पडला तरी चालेल. नसेलच, तर रुंद काठाची टोपी आणि दुहेरी नंबरचा चष्मा यांवर भागवता येते. मात्र असा चष्मा लावून उतरताना पायरी धूसर दिसते, तेव्हा मान खाली करून पाहावे. मोतीबिंदू वाढत असणाऱ्यांना आपले फोटो निळसर वाटतात का पिवळसर, यावर घरच्यांशी वाद होतो. पिकलेल्या भिंगातून जग पिवळट दिसते, हे दोन्ही बाजूंनी लक्षात घ्यावे, आणि रंगांचे फेरफार शस्त्रक्रिया झाल्यावर करावेत.

काही छोट्या कॅमेऱ्यांचा पडदा वर-खाली वळतो. ही सोय मला ज्येष्ठांसाठी झूमहूनही मोठी वाटते. गवतातले फूल टिपायला उकिडवे बसावे लागत नाही. कॅमेरा खाली धरून, वळवलेल्या पडद्यावर वरून पाहता येते. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना उकिडव्या स्थितीतून झटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, ती टळते. तसेच उंच शेंड्यावरच्या सर्पगरुडासाठी मान मागे टाकून पाच-पाच मिनिटे उभे राहणे नको. ज्यांना मान वळवली की भोवळ येते त्यांनी तर हे करूच नये. आणि कॅमेरा डोळ्यांपाशी असताना एकही पाऊल टाकू नये, मागे तर नाहीच. थांबा, टिपा, कॅमेरा खाली घ्या, मग चाला.

मधुमेह असणाऱ्यांसाठी एक सूचना. पक्ष्याची वाट पाहताना वेळेचे भान सुटते, सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले असते आणि न्याहारी राहून जाते. रक्तातील साखर उतरली की घाम, थरथर आणि चिडचिड सुरू होते. सोबतच्याला वाटते, फोटो न मिळाल्याचा वैताग आहे. खिशात कॅमेऱ्याशेजारी साखरेच्या चार गोळ्या असाव्यात, आणि कोणत्या वेळी खायचे हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

नवा कॅमेरा घेण्याआधी घरचे कपाट उघडून पाहा. २०१० च्या सुमारास जगभरात वर्षाला बारा कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे विकायला बाहेर पडत होते. पुढच्या दहा वर्षांत मोबाइलमुळे हा आकडा एक कोटीच्याही खाली आला. त्या भरभराटीतला एखादा काँपॅक्ट, लेकाने पहिल्या पगारातून आणलेला, तुमच्याही घरात जुन्या चष्म्यांच्या डब्याशेजारी पडून असण्याचा संभव आहे. बाहेर काढा. बॅटरी फुगलेली दिसली तर ती भारित करण्याचा प्रयत्न करू नका, ई-कचऱ्यात द्या आणि नवी घ्या. फार जुना, २००६ पूर्वीचा असेल तर तो दोन जीबीहून मोठे कार्ड बहुधा ओळखणार नाही. कॅमेरा बिघडला असे समजण्याआधी लहान कार्ड घालून पाहा. कोकणपट्टीच्या दमट हवेत भिंगावर बुरशी येते, म्हणून तो चामडी पाकिटात न ठेवता हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. मोठ्या लेन्सलाही हेच लागू आहे. ती वापरात नसेल तर विशेषच.

निघण्याच्या आदल्या रात्री दोन्ही कॅमेऱ्यांतील तारीख आणि घड्याळ एकमेकांशी मिनिटापर्यंत जुळवून घ्यावे. हे काम नातवंडाकडे सोपवले तर तेही त्या सहलीत सामील होते. दोन्हींची कार्डे वेगळी असू द्यावीत आणि जास्तीची भारित बॅटरी सदऱ्याच्या खिशात असावी. घरी परतल्यावर दोन्ही कार्डांतील चित्रे संगणकावर एकाच ठिकाणी उतरवून वेळेनुसार लावली, की दिवस जसा घडला तसा पुढे येतो. सव्वाआठला मोठ्या कॅमेऱ्यातला टकाचोर, आठ वीसला छोट्यातून टिपलेली, टकाचोराकडे लेन्स रोखून उभ्या असलेल्या आजोबांची पाठमोरी आकृती, मग पुन्हा पक्षी, मग डबा उघडलेला, मग तलाव. फक्त पक्ष्यांची चित्रे असतात तेव्हा घरातील इतर जण दोन-चार पाहून उठतात. ही मालिका मात्र सगळे बसून पाहतात आणि ‘हा कोण?’, ‘हे कुठे?’ असे विचारत राहतात. त्यांतली पाच-सहा चित्रे पोस्टकार्डाच्या आकारात छापून घ्यावीत. एखादे त्या वाटाड्यासाठी बाजूला काढून ठेवावे. पुढच्या खेपेला आटगावला उतराल तेव्हा ते न विसरता त्याच्या हाती द्यावे.